फुप्फुसाला वेळ द्या

व्हेंटिलेटरवरून सुटून माणूस घरी आला की त्याला भेटायला येणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक हमखास असतात. एक जण घरच्यांना बाजूला घेऊन सांगतो, "फुप्फुसं कामातून गेलीत. आता जिना चढू देऊ नका, अंथरुणातच राहू द्या." दुसरा पिशवीतून पुडी काढतो, "एकवीस दिवस कोमट पाण्यातून द्या, फुप्फुसं नव्यासारखी होतील." दोघेही मायेपोटीच बोलतात. तरीही दोघांचं ऐकू नका. गंभीर इजा झालेलं फुप्फुस बऱ्याचदा स्वतःची दुरुस्ती स्वतः करतं. ती दुरुस्ती हळू चालते, महिनोन्महिने चालते, आणि त्या काळात घरच्यांनी काय केलं, काय टाळलं यावर पुष्कळ काही ठरतं. एवढं नीट समजून घेतलं तर हातपाय गाळून बसण्याची वेळ येत नाही आणि पुडीवर पैसेही जात नाहीत.

आधी आत काय आहे ते पाहू. श्वासनळी फुटत फुटत शेवटी ज्या बारीक पिशव्यांपाशी संपते त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते तीस ते पन्नास कोटी असतात. सगळे उलगडून पसरले तर सत्तर चौरस मीटरांहून जास्त, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांच्या वर जागा व्यापतील. वायुकोशातली हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये असलेला पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ आहे. इतका पातळ आहे म्हणूनच प्राणवायू पलीकडे जातो, आणि इतका पातळ आहे म्हणूनच तो लवकर फाटतो.

या वायुकोशाच्या आतल्या अस्तरात दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पेशी पसरट आणि अतिशय पातळ. जवळजवळ पंच्याण्णव टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला असतो आणि प्राणवायूची देवाणघेवाण त्यांच्यातूनच होते. त्या नाजूक असतात, इजा झाली की आधी त्याच मरतात आणि त्यांना स्वतःची पिल्लावळ वाढवता येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या पेशी लहान, जाडसर, कोपऱ्याकोपऱ्यांत बसलेल्या. त्यांचं रोजचं काम म्हणजे एक स्निग्ध द्रव तयार करणं. श्वास सोडल्यावर वायुकोशाच्या भिंती एकमेकींना चिकटून बसू नयेत ते या द्रवामुळे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हाच द्रव पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना श्वास घेताना इतके कष्ट पडतात.

पण दुसऱ्या प्रकारच्या पेशींकडे आणखी एक काम आहे. शेजारच्या पातळ पेशी मेल्या की या जाड पेशी विभागायला लागतात, उघड्या पडलेल्या जागेवर सरकतात, पसरतात आणि हळूहळू स्वतःच पातळ पेशी बनतात. १९७० च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी प्राण्यांच्या फुप्फुसात हा प्रवास टिपला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पेशींवर कायमची खूण करून, त्यांच्या पुढच्या पिढ्यांचा माग काढून तो पक्का करण्यात आला. निरोगी फुप्फुसात या पेशी फारशा विभागत नाहीत. इजा झाली की जाग्या होतात.

आता गंभीर इजा म्हणजे काय? कारणं पुष्कळ आहेत. मोठा न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, स्वाइन फ्लू, कोविड, पावसाळ्यात मुंबई-कोकणात डोकं वर काढणारा लेप्टोस्पायरोसिस, आगीतला धूर, पोटातलं उलटून श्वासनळीत जाणं. वाटा वेगळ्या, पण शेवटचं चित्र पुष्कळदा एकच असतं. वायुकोशाचा पडदा फाटतो, रक्तातला प्रथिनयुक्त द्रव आत शिरतो, वायुकोश भरून जातात, एक्स-रे पांढरा दिसतो आणि प्राणवायू कितीही दिला तरी रक्तात पुरेसा पोहोचत नाही. १९६७ साली डेन्व्हरमधल्या डॉक्टरांनी असे बारा रुग्ण एकत्र मांडून या अवस्थेचं वर्णन 'लॅन्सेट' या नियतकालिकात केलं. आज तिला एआरडीएस म्हणतात. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर हे नाव हमखास पडतं, पण त्याचा अर्थ शांतपणे सांगायला त्या गर्दीत कुणाला वेळ नसतो.

पहिला आठवडा बहुतेक नासधुशीचाच असतो. त्यानंतर, आणि काही ठिकाणी त्याच्याही आधीपासून, दुरुस्ती सुरू होते. शिरलेलं पाणी परत उपसलं जातं. सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात. जाड पेशी विभागून उघडी जागा झाकू लागतात. शेजारच्या तंतुपेशी तात्पुरता आधार म्हणून धागे विणतात, आणि सगळं सुरळीत चाललं तर पुढे ते धागे काढूनही टाकले जातात.

हे सुरळीत होईल की नाही, ते आधी एका गोष्टीवर अवलंबून आहे. वायुकोशाच्या पेशी ज्या अतिपातळ पापुद्र्यावर बसलेल्या असतात तो शाबूत राहिला का? कारल्याच्या वेलाचं पाहा. गारपिटीत पानं झडली, शेंडे मोडले, पण मांडव उभा राहिला तर वेल पुन्हा फुटतो आणि आपल्या जागी चढतो. मांडवच कोसळला तर फूट येऊनही वेल जमिनीवर गुंता करून पडतो. फुप्फुसात तो गुंता म्हणजे व्रण. त्याला डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. तिथली जागा कडक होते, फुगत नाही, प्राणवायू ओढत नाही.

दुरुस्ती बिघडण्याचं दुसरं कारण संशोधकांना अलीकडे दिसलं. जाड पेशी पातळ होताना मध्ये एका अर्धवट अवस्थेतून जाते. २०२० साली तीन वेगवेगळ्या संशोधन गटांनी उंदरांच्या फुप्फुसात ही मधली अवस्था वेगळी ओळखून दाखवली. एरवी पेशी त्या टप्प्यावर थोडा काळ थांबून पुढे सरकते. दाह चालूच राहिला, वय झालं असलं, पुन्हा पुन्हा मार बसला, तर ती तिथेच अडकते आणि शेजारच्या तंतुपेशींना व्रण करायला चिथावत राहते. ज्यांना फुप्फुसाच्या फायब्रोसिसचा आजार आहे अशा माणसांच्या फुप्फुसातही अशा अडकलेल्या पेशी सापडल्या आहेत. मला या शोधात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 'पुन्हा पुन्हा मार बसला' हा भाग, कारण तो काही अंशी आपल्या हातात आहे.

व्हेंटिलेटरबद्दल इथे दोन शब्द बोलणं भाग आहे. "मशीनवर ठेवून पैसे उकळतात" हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. बिलाबद्दल प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, तो विचाराच. पण मशीन कशासाठी असतं तेही समजून घ्या. व्हेंटिलेटर फुप्फुस बरं करत नाही. पेशींची दुरुस्ती होईपर्यंत तो माणसाला जगवून ठेवतो. आणि जपून वापरला नाही तर तोच नवी इजा करू शकतो. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रत्येक श्वासाला कमी हवा देण्याची पद्धत आणि तेव्हाची रूढ, जास्त हवा देण्याची पद्धत यांची तुलना केली गेली. जास्त हवा दिलेल्यांत सुमारे ४० टक्के दगावले, कमी हवा दिलेल्यांत ३१ टक्के. सुजलेल्या वायुकोशांना ताणणं थांबवलं, एवढाच फरक. २०१३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं की गंभीर रुग्णाला दिवसातले सोळा तास किंवा त्याहून अधिक पालथं झोपवलं तर २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात. म्हणून आपल्या माणसाला नळ्यांसकट पालथं झोपवलेलं काचेतून दिसलं तर घाबरू नका, भांडू तर मुळीच नका. पाठीकडचे दबलेले वायुकोश त्यामुळे उघडतात.

औषधाचंही असंच. कोविडमध्ये २०२० साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी केले. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. आपल्याकडे काय झालं ते आठवा. व्हॉट्सअॅपवर फिरलेली चिठ्ठी पाहून लोकांनी घरच्या घरी स्टेरॉइड घेतलं, साखर वाढली, आणि २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे आणि जबडे नेले. शरीराची दुरुस्ती दाहाने बिघडते हे खरं, पण दाह किती आणि केव्हा दाबायचा हे तपासणाऱ्यालाच ठरवू द्या.

आता घरी आल्यानंतरचं. माझ्या मते खरी लढाई इथे असते, आणि आपण ती बेफिकिरीने हरतो.

कॅनडातल्या टोरोंटो शहरातल्या डॉक्टरांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा पाच वर्षं पाठपुरावा केला आणि २०११ साली निष्कर्ष छापले. निम्म्याहून अधिक जण पन्नाशीच्या आतले, म्हणजे कमावत्या वयातले होते. पाच वर्षांनंतर त्यांच्या फुप्फुसांच्या चाचण्या नॉर्मलच्या जवळ आलेल्या होत्या. ज्या फुप्फुसांचा एक्स-रे पूर्ण पांढरा पडला होता त्या फुप्फुसांनी एवढी मजल मारली. पण त्याच लोकांना सहा मिनिटं चालायला सांगितलं तर ते मध्यमान ४३६ मीटर चालत, त्यांच्याकडून अपेक्षित अंतराच्या ७६ टक्के. म्हणजे फुप्फुस बरंचसं सावरलं आणि माणूस मात्र मागे राहिला. का? अतिदक्षता विभागात असतानाच त्यांचं वजन सरासरी १८ टक्क्यांनी घटलं होतं. सत्तर किलोचा माणूस सत्तावन्न-अठ्ठावन्नवर आला. गेलेल्या वजनात स्नायू मोठ्या प्रमाणावर होते, मांड्यांचे, खांद्यांचे. त्याखेरीज भीती, झोप उडणं, उदासी.

हे लक्षात घेतलं की "जिना चढू देऊ नका, अंथरुणातच राहू द्या" हा सल्ला किती घातक आहे ते कळेल. दम लागतो म्हणून माणूस हालचाल बंद करतो, हालचाल बंद म्हणून स्नायू आणखी झिजतात, स्नायू झिजले म्हणून चार पावलांत दम लागतो. घरचे समजतात, फुप्फुसं खराब होत चालली. तशी ती होत असतीलच असं नाही.

तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली की चालायला लावा. पहिल्या दिवशी खाटेपासून दारापर्यंत, मग ओटीपर्यंत, मग अंगणाला एक फेरी. बोटाला ऑक्सिमीटर लावून चालण्याआधीचा आणि चालून आल्यावरचा आकडा वहीत लिहा. बोटाला नेलपेंट असेल तर ते काढा, मेंदी असेल तर दुसरं बोट निवडा, नाहीतर आकडा चुकू शकतो. आकडा ९० च्या खाली जात असेल तर थांबा, बसा, आणि डॉक्टरांना कळवा. चालताना थोडी धाप लागणं चालेल. चालता चालता एक वाक्य बोलता येतंय, इतपत वेग ठेवावा. धाप लागली तर नाकाने श्वास घेऊन ओठ चंबूसारखे करून सावकाश सोडावा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि बसणं हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम आहे, त्याला पैसा लागत नाही. जवळच्या शहरात श्वसनाचं फिजिओथेरपी केंद्र असेल तर सुरुवातीला तिथे जाऊन शिकून घ्या.

रुग्णालयातून मिळालेलं तीन गोळ्यांचं यंत्र कित्येक घरांत उलटं वापरलं जातं. लोक त्यात फुंकतात. त्यात फुंकायचं नसतं, तोंडाने हवा आत ओढायची असते, सावकाश, आणि गोळी वर गेल्यावर दोन-तीन सेकंद धरून ठेवायची असते. प्राणायाम करणाऱ्यांनी तो जरूर करावा, श्वासाच्या स्नायूंना आणि मनाला त्याचा फायदा होतो. मात्र जोरजोरात भस्त्रिका, कपालभाती पहिल्या काही महिन्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि प्राणायामाने नवे वायुकोश फुटतात असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

जेवणात प्रथिनं हवीत. दोन्ही वेळा डाळ किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे, दूध, दही, चालत असेल तर अंडी आणि मासे. आजारी माणसाला महिनाभर पेज आणि साबुदाण्याच्या खिरीवर ठेवण्याची आपली पद्धत प्रेमाची आहे, पण तिच्यावर स्नायू भरत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

घरी ऑक्सिजनचं यंत्र आणलं असेल तर लिहून दिलेल्या आकड्यापेक्षा वाढवू नका. जास्त प्राणवायू म्हणजे जास्त बरं, हा समज चुकीचा आहे. आणि त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, विडी-सिगारेट काहीही पेटवायचं नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर रुग्णाची खाट दुसऱ्या खोलीत हलवा. प्राणवायूने भरलेल्या हवेत, अंथरुणावर पडलेली ठिणगी क्षणात भडकते.

आता पुन्हा मार बसण्याबद्दल. दुरुस्ती चाललेल्या फुप्फुसाला धूर म्हणजे नवी जखम. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत एक निराशा मी वारंवार ऐकली आहे: "चाळीस वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?" त्यांनी हे जरूर वाचावं. २०२० साली 'नेचर'मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास छापून आला. सोळा जणांच्या श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी एकेक करून तपासल्या. ओढणाऱ्यांच्या बहुतेक पेशींत धुराने केलेले जनुकीय बिघाड ठासून भरलेले होते. पण ज्यांनी सोडली होती त्यांच्यात जवळजवळ निरोगी पेशींचं प्रमाण ओढणाऱ्यांच्या चौपट होतं. कुठेतरी धुरापासून बचावलेल्या पेशी धूर थांबल्यावर पुढे येऊन अस्तर नव्याने भरून काढतात. यात वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेले लोकही होते. मात्र एक भेद कळू द्या. हे अस्तराचं झालं. धुराने वायुकोशांच्या भिंतीच खाऊन टाकल्या असतील, ज्याला एम्फिसीमा म्हणतात, तर त्या भिंती परत उभ्या राहत नाहीत. सोडल्यावर नुकसानीचा वेग मात्र घटतो. म्हणून उशीर झाला तरी सोडा, पण लवकर सोडणं फार वेगळं.

आणि धूर फक्त पुरुषाच्या तोंडात नसतो. स्वयंपाकघरात लाकूड आणि गोवऱ्या फुंकणाऱ्या बाईची फुप्फुसं आयुष्यभर तो धूर पितात. तिला खोकला आला की "तिला जुनाच आहे" म्हणून सोडून देतात. रात्री दारं लावून जाळलेल्या एका मच्छर कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ साली छापलेल्या मोजमापात आढळलं. ज्या घरात फुप्फुसाचा रुग्ण आहे त्या घरात कॉइल नको, मच्छरदाणी लावा. जमेल तेवढा स्वयंपाक गॅसवर करा, आणि सिलिंडर परवडत नसेल तर निदान चूल उघड्या अंगणात न्या.

शेतकरी बांधवांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पॅराक्वाट नावाचं तणनाशक आपल्याकडे सर्रास विकलं जातं. इतर विषांसारखं ते पोटात गेल्यावर सगळीकडे सारखं पसरत नाही. फुप्फुसाच्या पेशी ते रक्तातून ओढून साठवतात, आणि त्यांत दुरुस्ती करणाऱ्या जाड पेशीही असतात. म्हणजे घाव आणि घाव भरणाऱ्यांचा नाश एकाच वेळी होतो. एरवी जीव वाचवणारा प्राणवायू इथे इजा वाढवतो, म्हणून डॉक्टरांनाही तो हात राखून द्यावा लागतो. त्यावर उतारा नाही. युरोपीय संघात २००७ पासून त्याला परवानगी नाही. आपल्याकडेही ते बंद व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर ते घरात ठेवू नका, कुलपात ठेवा, थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच ओतू नका. गळका फवारणी पंप पाठीवर घेऊ नका, अंगावर सांडलं तर कपडे काढून लगेच साबणाने धुवा. चुकूनही कुणाच्या पोटात गेलं तर माणूस बरा दिसत असला तरी त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या आणि बाटली बरोबर घ्या. पहिले एक-दोन दिवस तो चालता-बोलता असू शकतो, त्यावर फसू नका. आणि घरात कुणी फार खचलेलं असेल, जगण्यावर मन उरलेलं नसेल, तर अशी औषधं घरापासून दूर हलवा, त्याच्याजवळ बसा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

इजा किती खोल गेली यावर दुरुस्ती अवलंबून असते, हे भोपाळच्या वायुगळतीने दाखवलं. डिसेंबर १९८४ मध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू ज्यांच्या छातीत गेला त्यांतल्या वाचलेल्यांची तपासणी मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी पुढची काही वर्षं करत राहिले. त्यांचं पहिलं टिपण १९८५ सालीच छापून आलं. सगळ्यांचा दम पूर्ववत झाला नाही. असा पाठपुरावा हाही उपचारच असतो, कारण कोण सावरतंय आणि कोण मागे पडतंय ते त्यातूनच कळतं.

क्षयरोगाचंही तसंच. औषधांनी जंतू मरतात, पण फुप्फुसात पडलेलं भोक किंवा व्रण कित्येकदा राहतो. अशा माणसाला पुढे दम लागला, खोकला आला, की जुन्या व्रणाची सावली एक्स-रेवर पाहून पुन्हा क्षयाची औषधं सुरू झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. बेडक्याची तपासणी झाल्याशिवाय ते मान्य करू नका. उलट तपासणीत क्षय निघाला तर एकही गोळी चुकवू नका. उपचार जितके लवकर, तितकं भोक लहान. उपचाराच्या काळात सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून दरमहा एक हजार रुपये बँक खात्यात मिळतात, ते मागून घ्या आणि खाण्यावरच खर्च करा.

आशा कुठवर ठेवायची? लहान मुलांत नवे वायुकोश तयार होत राहतात, म्हणून मुलं मोठ्यांपेक्षा चांगली सावरतात. मोठ्यांतही कधी कधी आश्चर्य घडतं. ३३ व्या वर्षी कर्करोगामुळे एक फुप्फुस काढून टाकावं लागलेल्या एका स्त्रीच्या उरलेल्या फुप्फुसाची पंधरा वर्षांहून अधिक काळानंतर तपासणी झाली, तेव्हा त्यात नव्या वायुकोशांची वाढ झाल्याचे पुरावे मिळाले. २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. पण ते एका व्यक्तीचं उदाहरण आहे, त्यावर कुणाला वचन देता येत नाही. पक्का झालेला व्रण विरघळवणारं औषध आज बाजारात नाही. पिरफेनिडोन आणि निन्टेडानिब ही दोन औषधं काही प्रकारच्या फायब्रोसिसचा वेग कमी करतात, गेलेलं परत आणत नाहीत.

म्हणून "स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन नवं फुप्फुस" अशा जाहिरातीपासून लांब राहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. चाचणीत सामील होणाऱ्याकडून त्या उपचाराचे लाखो रुपये घेतले जात नाहीत. कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठून या. शेत विकून, दागिने मोडून या वाटेला गेलेली घरं आहेत. 'फुप्फुस साफ करणारे' चहा आणि काढे यांच्यावरचा खर्च कमी असतो इतकंच, वायुकोशापर्यंत त्यांतलं काही पोहोचत नाही.

एवढं सगळं वाचून कुणी विचारेल, नेमकं किती दिवसांत बरं वाटेल? पहिल्या तीन महिन्यांत दिसण्याजोगी सुधारणा व्हायला हवी. फुप्फुसाची बरीचशी भरपाई सहा महिने ते वर्षभरात होते. स्नायूंना आणि मनाला त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. मध्येच ताप आला, बेडका पिवळा-हिरवा झाला, थुंकीत रक्त दिसलं, एक पाय सुजून दुखायला लागला, किंवा कालपर्यंत चढता येणारा जिना आज चढवेना, तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. रात्री दचकून उठणं, बंद खोलीची भीती, सारखं रडू येणं हेही डॉक्टरांना सांगा. अतिदक्षता विभागातून आलेल्यांना ते होतं आणि त्यावर उपचार आहेत. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तेव्हा घ्या. घरातल्या कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने मास्क लावावा आणि रुग्णाच्या खोलीत जाणं टाळावं.

डिस्चार्ज घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. छातीची आणि फुप्फुसाच्या क्षमतेची फेरतपासणी कधी? चालण्याचा व्यायाम कुणाकडे शिकायचा? लस कोणत्या महिन्यात? उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर लिहून घ्या. आणि त्या तारखेला, बरं वाटत असलं तरी, तपासणीला जा.